पानी आला

माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी वाचनात नापास झाली, आणि तिला नापास मी केलं. म्हणजे बटण मी दाबलं. हे लोढणं मला दुसऱ्या कुणाच्या गळ्यात अडकवायचं नाही.

मी आसावरी. माहेर रोह्याचं, सासर पेणचं आणि शाळा पेणच्या खारेपाटात, जिथे डांबरी रस्ता संपून खाडीचा बांध सुरू होतो तिथे. दोन खोल्यांची शाळा. पहिली-दुसरी शिवा गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझी मुलं तेवीस. आईबाप भातात नाहीतर मिठागरावर, हल्ली बरेचजण कंपनीत शिफ्टला. मी रोज पेणहून स्कूटीवर येते आणि शाळेच्या कुंपणाला लागून गावाचा नळ आहे, त्याच्यासमोर ती लावते.

या नळाबद्दल सांगायलाच हवं. संक्रांत उलटली की पाणी त्याच्या मर्जीने येतं. आठवड्यातून दोनदा, कधी एकदाच, आणि आलं तरी अर्धा तास. बायका पहाटे हंडे रांगेत लावून कामाला निघून जातात, त्यांची जागा हंडे धरून ठेवतात. ज्याला नळाचा आवाज पहिला ऐकू येईल त्याने ओरडायचं, "पानी आला!" आणि सगळ्या गावाने हातातलं टाकून पळायचं. माझी पोरं भर पाठातून पळालेली आहेत. मी अडवत नाही. ज्याने खारेपाटात एक उन्हाळा काढला आहे तो कुणालाच अडवणार नाही.

तर ती मुलगी. प्रतिक्षा, तिसरीतली. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला, आणि दिसेल ते वाचायचा नाद. खताच्या गोणीवरचं वाचेल, बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचेल, माझ्या स्कूटीच्या मागे चिकटवलेली विम्याची जाहिरात तिने मला इतक्यांदा वाचून दाखवली की शेवटी मी ती खरवडून काढली. शिवा गुरुजी पेणहून पेपर आणतात. शाळा सुटली की तो प्रतिक्षा घेऊन जायची आणि ओटीवर बसून आजोबांना पहिल्या पानापासून वाचून दाखवायची. आजोबांचं, काळुरामांचं, सगळं आयुष्य मिठागरावर गेलं. त्यांना अक्षर येत नाही, पण पेपर लागतो. गावात कुठल्या बांधाला खांड पडली आणि दिल्लीत कोण पडलं, दोन्ही त्यांना सारख्याच तपशिलाने ठाऊक असायचं ते या पोरीमुळे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाळेला चार टॅब मिळाले. त्यांत एक ॲप होतं, 'बोलकी पाटी' नावाचं. मुलाने समोरचा उतारा मोठ्याने वाचायचा, पाटी ऐकते. बरोबर शब्द हिरवा होतो, चुकलेला लाल. शेवटी पाटी ठरवते की हे मूल कुठल्या पायरीवर आहे: अक्षर, शब्द, वाक्य की गोष्ट.

खरं सांगते, मला फार आनंद झाला होता. मी यंत्रांना घाबरणाऱ्यांतली नाही. आमच्या घरी मिक्सर बिघडला तर पाना-पेचकस घेऊन मी बसते, नवरा टॉर्च धरतो. आणि दोन इयत्ता एका खोलीत सांभाळताना एकेका मुलाचं वाचन ऐकायला मला दिवसाला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. न कंटाळता, न जांभई देता ऐकणारे आणखी चार कान मिळत असतील तर कुणाला नको आहेत?

पहिल्या दिवशी सगळ्यात पुढे विशाल. पाटी गोड आवाजात म्हणाली, "तुझे नाव सांग."

"इशाल," विशाल म्हणाला.

"या नावाचा विद्यार्थी सापडला नाही."

विशालने माझ्याकडे वळून पाहिलं. "बाई, मी सापरत नाय!"

वर्ग खो खो हसला, मीही हसले. गावात विशालचा इशाल होतो आणि विमानाचं इमान. नाव मी बोटाने टाकून दिलं आणि पुढे गेले. तिथेच मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

प्रतिक्षाची पाळी आली. टॅब तिने दोन्ही हातांत धरला आणि घडाघडा सुरुवात केली. "तल्याकाठी एक बाल बदक राहत होते. त्याचे डोले काले होते. ते रोज पान्यात खेलत असे."

तीन ओळींत सहा शब्द लाल. "पुन्हा प्रयत्न कर," पाटी म्हणाली. प्रतिक्षाने पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. पुन्हा सहा लाल. तिसऱ्यांदा ती एकेक शब्द तोडून वाचायला गेली तर सातवाही लाल झाला. पाटीने तिची पायरी ठरवली: अक्षर. म्हणजे हिला अजून शब्द वाचता येत नाही.

माझे कान काय बहिरे होते? पोरगी अस्खलित वाचत होती. इथे सगळेच ळ ला ल म्हणतात आणि ण ला न. अकरा वर्षं मी ते ऐकते आहे. पण मागे वीस मुलं रांगेत होती, मधली सुट्टी जवळ आली होती आणि पडद्यावर 'जतन करा' असं बटण होतं. मी दाबलं. प्रतिक्षा ते बटण दाबणाऱ्या माझ्या बोटाकडे पाहत होती.

संध्याकाळपर्यंत तेविसातले एकोणीस 'अक्षर' पायरीवर जाऊन बसले. उरलेल्या चौघांच्या उताऱ्यात ळ आणि ण कमी होते, म्हणून ते वाचले. निकाल आपोआप वर गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रप्रमुखांचा फोन आला. अंबरीश सर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, सरळ माणूस, पण आकड्यांपुढे त्याचं डोकं चालत नाही.

"मॅडम, तुमच्या शाळेला झालं काय? मागच्या वेळी तर सगळे वाक्यावर होते."

"सर, पाटीला मुलांची बोली कळत नाही."

"असं कसं लिहू मी वरती? दहा दिवसांनी, पुढच्या शुक्रवारी फेरचाचणी घेऊ, मी स्वतः येतो. तोवर अक्षरगट वेगळा बसवा. शुक्रवारी पण हेच आलं तर वार्षिक परीक्षेपर्यंत त्यांना अक्षरांचेच सराव द्यावे लागतील, गोष्टी नाहीत. नियम आहे."

मी अक्षरगट बसवला. प्रतिक्षाच्या हातात कार्ड दिलं, 'क कमळाचा'. तिने कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता ते मांडीवर ठेवून दिलं. प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं. मला रागवता तरी आलं असतं.

मग मी दुसरा शहाणपणा केला. म्हटलं, दहा दिवस आहेत, उच्चारच पक्के करून घेऊ. "जीभ वर. टाळूला लावा. ण! ळ!" सकाळचा पहिला तास नुसता या कवायतीचा. एरवी मूल अडखळलं की मी म्हणते, "घाबरू नको, परत वाच." त्या दिवसांत ते वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. नुसतं "जीभ वर, जीभ वर."

तिसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं आणि तेवीस जणांनी एका सुरात म्हटलं, "णमस्ते बाई!"

एक मुलगी उभी राहिली. "बाई, मळा बाहेर जायचा." विशाल म्हणाला, "बाई, आता विंग्रजीचा तास." पोरांनी हिशेब सोपा केला होता. आपल्या तोंडून येतं ते चूक, तर जे येईल त्याच्या उलट बोलायचं. नाकाचं णाक झालं, फुलाचं फुळ झालं. मला हसू आवरेना. टेबलाआड तोंड लपवून मी हसत होते, आणि हसता हसता माझं लक्ष प्रतिक्षाकडे गेलं. ती उलटंही बोलत नव्हती आणि सुलटंही. ओठ घट्ट मिटून बसली होती.

त्याच दुपारी तिची आजी आली. गोदूबाई. मिठागरावरून परस्पर आलेली, पावलं मिठाने पांढरी. दारातच उभी राहिली.

"बाई, एक इचाराचा व्हता. पोरीला डाक्टरला दाखवू का?"

"का हो? काय झालं?"

"बोलतच नाय. म्हातारा जुनाच पेपर हातान घेऊन बसतंय रोज. उलटा धरतंय न बघत रव्हतंय. मी बोलले, वाच गो आजाला, तर बोलते, आजी, माझा वाचन चुकीचा हाय. यंतर बोलला, न बाईनी बटन दाबला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरोखरच विचारायला आली होती. "जिभेचाच काय असल तर आतापासून औषिद केला बरा, नाय का?"

औषध मलाच हवं होतं. "डॉक्टर नको गोदूबाई," मी म्हटलं, "थोडे दिवस द्या मला." ती बरं म्हणाली आणि निघून गेली. शिक्षकावर इतका विश्वास टाकू नये माणसाने, आम्हाला फार जड जातं.

शाळा सुटायच्या आधी मी प्रतिक्षाला फळ्याजवळ बोलावलं. वाचायला नाही लावलं. खडू दिला आणि शब्द सांगितले: पाणी, डोळा, कमळ, बाण, मिठागराची राखण. तिने सगळे लिहिले. प्रत्येक ण जागच्या जागी, प्रत्येक ळ जागच्या जागी. म्हणजे डोळ्यांना ण दिसत होता, हाताला ण येत होता, अर्थ तर तिला माझ्याआधी कळत होता. फक्त जीभ तिच्या गावची होती. याला वाचता येत नाही म्हणायचं असेल तर मग येतं कुणाला?

रविवारी मी रोह्याला गेले, वडिलांकडे. पेणहून गाडीत बसल्यापासून निडी स्टेशन येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, कारण ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. नीलकंठ मास्तर म्हणजे उच्चाराला कडक. लहानपणी 'कोणी' म्हणताना माझा ण जरा घसरला तर जेवणाचं ताट पुढे यायचं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले तरी बातम्या ऐकताना निवेदकाच्या चुका काढतात.

मी सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"पोरीने 'पानी' वाचलं. तिला काय कळलं?"

"पाणी कळलं. आणखी काय कळणार?"

"मग वाचली की ती. चूक तिची नाही, त्या यंत्राची. त्याने जन्मापासून पाणीच प्यायलंय. पानी त्याला पाजलं कुणी?"

मी बघतच राहिले. हे नीलकंठ मास्तर बोलत होते.

"बघतेस काय? ण तू शिकव, शिकवायलाच हवा. पण वाचन वेगळं आणि ण वेगळा. मी अडतीस वर्षं पोरांच्या जिभा सरळ केल्या, आसावरी. त्यांतली किती पोरं नंतर वर्गात बोलायचीच बंद झाली, ते कधी पाहिलं नाही मी." एवढं बोलून त्यांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी चहा टाकला.

सोमवारी शाळेत पोचल्यावर पहिलं काम, पाटीच्या मदतकेंद्राला फोन. तिकडे एक तरुण मुलगी होती. मी सगळा राग तिच्यावर काढला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, सेटिंगमध्ये शेवटी 'स्थानिक उच्चार' आहे. तुम्ही शिकवलंत तर ती शिकते. फक्त आजवर कुठल्या शाळेने ते उघडलंच नाही."

वीस शब्द निवडायचे. गावातले तीन आवाज हवेत: एक मूल, एक बाई, एक पुरुष. प्रत्येकाने प्रत्येक शब्द तीनदा, नेहमी बोलतात तसा. एवढं केलं की पाटी दोन्ही उच्चार बरोबर धरते.

"मी बोलले तर?" मी विचारलं.

"तुम्ही त्याच गावच्या का, मॅडम?"

नव्हते. तरी फोन ठेवल्यावर मी एकटीनेच 'पानी' म्हणून पाहिलं. पाटीने लिहिलं: पाणी. माझ्या तोंडून तिला पाणीच ऐकू येत होतं. वडिलांनी फारच पक्कं काम करून ठेवलं होतं.

मूल कोण, हे ठरलेलंच होतं. बाई गोदूबाई आणि पुरुष काळुराम. पण मिठागरावर त्या आठवड्यात मीठ ओढायचं काम जोरात होतं, दोघांना मोकळीक मिळाली ती थेट शुक्रवारी सकाळी. फेरचाचणीच्याच दिवशी.

गोदूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. काळुरामांनी दारात चपला काढल्या, टोपी काढून हातात घेतली आणि मुलांच्या सतरंजीवर अगदी कडेला बसले. मी प्रतिक्षाला त्यांच्या मध्ये बसवलं, टॅब उभा केला आणि पहिला शब्द दाखवला. "काळुरामदादा, म्हणा, पाणी."

काळुरामांनी घसा खाकरला. जीभ आत कुठेतरी वळवली, कपाळाला आठ्या पडल्या. "पा... णी."

"असं नको. घरी म्हणता तसं म्हणा."

"पाणी," ते अजूनच जपून म्हणाले. गोदूबाईने तर पदर सावरून असा काही ण काढला की नीलकंठ मास्तरांनी पाठ थोपटली असती.

"अहो, नेहमीसारखं बोला ना!"

काळुरामांनी टोपी या हातातून त्या हातात केली. "बाई, शालंन मी आज पयल्यांदा पाय ठेवलाय. न इथं येऊन, तुमचे तोंडावर, चुकीचा बोलू?"

"चुकीचं नाही हो ते. तुमचं आहे."

ते नुसते हसले. मला कळलं, मी या खोलीत आहे तोवर इथे कुणी पानी म्हणणार नाही. माझ्या साडीची घडी, माझा चष्मा, माझी ती टेबलावर ठेवलेली पट्टी, सगळं मिळून त्यांना सांगत होतं की जीभ वर.

मी टॅब उचलून प्रतिक्षाच्या मांडीवर ठेवला. "आज बाई तू. पडद्यावर शब्द येईल तो आजोबांना वाचायचा. ते म्हणतील, आजी म्हणेल, तू म्हणशील. या पाटीला शिकवायचंय. तिला येत नाही."

अकरा दिवसांत पहिल्यांदा तिने वर्गात तोंड उघडलं. "पाटीला येत नाय?"

"नाही. पानी म्हटलेलं कळत नाही तिला."

"कायच?"

"काहीच. अक्षरगटातली आहे ती." प्रतिक्षाच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी पट्टी उचलली, बाहेर आले आणि दार लोटून घेतलं.

बाहेर शिवा गुरुजींनी दोन्ही वर्ग चिंचेखाली बसवले होते. मी वर्गाच्या पायरीवर बसले. एवढ्यात अंबरीश सरांची मोटरसायकल आली.

"मॅडम, तुम्ही इथे? वर्ग?"

"मला वर्गाबाहेर काढलंय," मी म्हटलं. "बसा. आणि आवाज करू नका."

बराच वेळ आतून काही ऐकू येईना. अंबरीश सर घड्याळाकडे पाहू लागले. मग बारीक आवाज आला, दाराच्या फटीतून. "पानी." त्यामागून काळुरामांचा भरड आवाज, "पानी." पाटी म्हणाली, "पुन्हा सांगा." पुन्हा पानी. "पुन्हा सांगा." मी मुठी आवळल्या. आता गप्प होते की काय पोरगी?

"अरलेला शेवटी घेव," प्रतिक्षा आतून म्हणाली. अडलेला प्रश्न शेवटी घ्यायचा, परीक्षेचं हे मीच शिकवलेलं. "आजा, आता डोला." "डोला." "काला." "काला." आवाज वाढत गेला. मध्येच गोदूबाईचं हसू ऐकू आलं. पाटी कुठे अडली की प्रतिक्षा तिला म्हणायची, "घाबरू नको, परत ऐक." अंबरीश सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहत होते, कारण माझे डोळे भरून आले होते आणि केंद्रप्रमुखासमोर ते मला चाललं नसतं.

एकोणीस शब्द झाले. मग पुन्हा पानी. तिघांचे आवाज, एकामागून एक, तीन-तीनदा. या वेळी पाटी स्पष्ट म्हणाली, "पानी. समजले. धन्यवाद."

विशाल कधीचा खिडकीला लटकून होता. तो खाली उडी मारून बेंबीच्या देठापासून ओरडला, "पानी आला!" आणि चिंचेखालची सगळी पोरं त्याच्यामागून, "पानी आला! पानी आला!"

मी कपाळावर हात मारला, पण उशीर झाला होता. गल्लीगल्लीतून बायका सुटल्या. कुणी हंडे घेऊन, कुणी कळशा घेऊन, सगळ्यात पुढे सगुणा, कोपरापर्यंत पीठ लागलेले हात तसेच. नळापाशी पोचली, नळाखाली हात धरला. कोरडा.

"कोन ओरडला?" सगुणा गरजली. "कोनाचे घरचा हाय त्यो?"

विशाल माझ्या पाठीमागे लपला. मी उठून उभी राहिले. "सगुणाबाई, रागावू नका. नळाला नाही, आमच्या पाटीला आलं पानी."

"पाटीला आला? न आमाला कवा येनार?" तिने माझ्या शेजारी उभ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. सगळ्या बायकांनी पाहिलं.

"अहो, मी शिक्षणवाला आहे," अंबरीश सर घाईने म्हणाले. "पाणीवाला नाही!"

आधी सगुणा हसली, मग सगळ्याच. आज पाण्याचा वार आहेच, येईलही एवढ्यात, म्हणून कुणी परत फिरलं नाही. हंडे पालथे घालून बायका त्यांच्यावर बसल्या. हसणं जरा ओसरलं, तेव्हा आतला आवाज सगळ्यांना ऐकू आला. शब्दांची यादी संपली होती. प्रतिक्षाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने बदकाचा उतारा उघडला होता.

"तल्याकाठी एक बाल बदक राहत होते. त्याचे डोले काले होते." मी हळूच दार ढकललं. टॅब सगळ्यांना दिसत होता. शब्दामागून शब्द हिरवा होत होता. "एके दिवशी ते आईला म्हनाले, मला पोहता येत नाही. आई म्हनाली, पान्याला येतं. तू नुसतं आत उतर."

"बराबर हाय," काळुराम म्हणाले. "पुढं?"

अंबरीश सर माझ्या कानाशी कुजबुजले, "ही अक्षरगटातली?"

"हो. मी घातलेली."

"मोडा तो गट, मॅडम. आजच. आणि पाटीला हे कसं शिकवलंत ते मला दाखवा, बाकीच्या खारेपाटातल्या शाळा राहिल्यात." त्यांनी खिशातून वही काढली, मग काही न लिहिता परत ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिले.

बदकाची गोष्ट संपली. शेवटी पाटीने पायरी सांगितली: गोष्ट. प्रतिक्षाने ते वाचलं, मान हलवली आणि टॅब बाजूला ठेवून माझ्याकडे आली. "बाई, पेपर हायत?"

शिवा गुरुजींनी अकरा दिवसांचे पेपर कपाटात गठ्ठा बांधून ठेवले होते. मी काढून दिले. काळुराम बाहेर पायरीवर येऊन बसले, टोपी डोक्यावर घालून, आता नीट मांडी घालून. प्रतिक्षाने गठ्ठ्याच्या तळातला सगळ्यात जुना पेपर ओढला. वगळायचं काही नव्हतं. तिने तारखेपासून सुरुवात केली. हंड्यांवर बसलेल्या बायका पुढे सरकल्या. पिठाचे हात घेऊन सगुणासुद्धा गाल तळव्यावर टेकून ऐकत होती आणि तिचा गाल पांढरा झाला होता. मला इतकं बरं वाटत होतं की शाळा सुटूच नये असं वाटलं.

ती तिसऱ्या पानावर होती तेव्हा नळ खाकरला. आधी नुसती हवा, मग फुरफुर, मग धार.

"पानी आला!" कोण ओरडलं ते कळलंही नाही. हंडे खणाखणा उलटले, बायका धावल्या, पोरं धावली, गोदूबाई ठेवणीतलं लुगडं खोचून धावली, अंबरीश सरांच्या हातात कुणीतरी कळशी दिली आणि तेही धावले. मीसुद्धा शाळेची बादली उचलली. कुंपणाशी पोचले आणि मागे वळून पाहिलं.

प्रतिक्षा पेपरावरून डोकं वर काढून नळाकडे पाहत होती. उठायला तिने एक पाय खाली सोडला होता. काळुरामांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजा, पानी आलाय."

"येतंय न जातंय त्यो," काळुराम म्हणाले. "तू वाच गो."